गुंतावाली माय

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या बायका तिला गुंतावाली माय म्हणत, आणि त्यात कौतुक नव्हतं. बाकीच्या बायका नमुन्याचं पुस्तक पुढ्यात ठेवून क्रोशाचे रुमाल विणायच्या. मायपुढे पुस्तक नसे. उसवलेल्या स्वेटरांची लोकर ओच्यात घ्यायची, चार साखळ्या घालायच्या आणि मन जाईल तिकडे सुई न्यायची. कुठे फुगवटा, कुठे भोक, कुठे शिंपल्यासारखं वळण. असे वेगवेगळे तुकडे मग ती एकमेकांना जोडत जाई.

मी शेजारची. वडिलांच्या संघटनेची पत्रकं वाटत वाढलेली, म्हणून प्रत्येक गोष्टीचा नियम विचारणारी. तिच्याकडे शिकायला बसले तेव्हा पहिला प्रश्न होता, "किती टाके घालू?"

"मोजून कायले राहिली वो? पाच घाल, नाई तं सात. पह्यले एक तुकडा तं कर!"

चुकलं म्हणून मी उसवायला लागले की हातावर चापट बसे. "चुकलं तं चुकलं. त्याच टाक्यातून पुढचा खांब उचल." खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका.

तीन हिवाळे ती एकच पांघरूण विणत होती. मधला हिरवा तुकडा राइस मिलमध्ये राबून गेलेल्या नवऱ्याच्या मफलरचा. "जिंदगीभर दुसऱ्यायसाठी विणलं," ती म्हणायची, "हे माह्या आंगावर पडंल."

ते पुरं झालं त्याच महिन्यात गोंदियात महिलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी तिच्या मागे लागले. अशी कला घरात कोंडून ठेवणं हा तिच्यावरच अन्याय आहे, बाईच्या कामाला चारचौघांत जागा मिळालीच पाहिजे, असं बरंच बोलले.

"लोकाईले कायले दाखवतं? मले थंडी वाजून राहिली."

मी हसले. फॉर्म मीच भरला. 'वस्तूत आवश्यक ते बदल करण्यास हरकत नाही' अशी त्यात एक ओळ होती. सरकारी कागदातला स्वल्पविरामही न सोडणारी मी, त्या ओळीखाली तिचा अंगठा घेतला.

चौथ्या दिवशी गेले तर टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवायचे चौकोन मांडलेले. सगळे सारख्या मापाचे, कडेने मशीनची शिलाई. हिरव्या तुकड्याचे दोन भाग झाले होते.

"पूरा तो टेढ़ा-मेढ़ा था, किसी की समझ में नहीं आ रहा था," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "अब देखो, कितना साफ दिखता है!"

मी तिथे आरडाओरडा केला. बसला तो फक्त माझा घसा. विकून उरलेले चौकोन घेऊन परतले.

मायने ते एकेक उलटून पाहिले. मी तावातावाने सांगत होते, तक्रार करू, पत्रक काढू, सोडायचं नाही.

"काढजो. तू बढिया लिहितं," ती म्हणाली. शेवटचा चौकोन खाली ठेवत म्हणाली, "पन देऊ का म्हून मले इचारलं काऊन नाई वो? तू तं बोलतच राहिली."

मग सुई माझ्या हातात ठेवली. "ठेव तुले. मले आता सुरुवातच सुचत नाई."

पुढच्या थंडीत ती गेली. अंगावर बाजारातलं ब्लँकेट होतं.

पत्रक निघालं, लोकांनी वाचलंही. हिरव्या तुकड्याचा एक चौकोन माझ्याकडे आहे. अधूनमधून तिने सांगितलं तसं, जिथे चुकलं तिथूनच पुढचा खांब उचलू पाहते. मशीनची शिलाई इतकी घट्ट आहे, की सुई आत जात नाही.