तीन महिन्यांचे आजोबा

गल्फमधल्या फुजैरा बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी ऑफिसच्या फॅक्स मशीनने माझे पणजोबा बाहेर टाकले. दोन पानं, पाद्र्याच्या तिरप्या अक्षरातली, लॅटिनमधली. इजिप्शियन साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हबीबी, ये कौनसा शिप है?"

शिप नव्हतं. वसईची आमची वाडी होती. केळी, नागवेली, एक विहीर आणि विहिरीजवळच्या घरात एकटी राहणारी माझी सत्तरीची आत्या. चुलतकाकांना ती वाडी बिल्डरला द्यायची होती. "तुझ्या बापाला वाडी दिल्याचा कागद दाखव, नाहीतर महिनाअखेर घर मोकळं कर," असं त्यांनी तिला बजावलं होतं.

पणजोबांचं इच्छापत्र चर्चच्या जुन्या वहीत उतरवलेलं आहे, एवढं आत्या ऐकून होती. तिने वह्या उघडायला लावल्या आणि आजोबांचं नाव दिसलं त्या दोन पानांची कॉपी काढून घेतली. गावचे तरुण फादर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत म्हणणारे, लॅटिन बघून त्यांनी हात टेकले. मग कागद निघाले गल्फला. भाचा परदेशात आहे म्हणजे त्याला सगळं येतं, हा आत्याचा जुना गैरसमज, आणि मीही तो कधी दूर केला नव्हता.

मला लॅटिन येत नव्हतं, पण येणारा माणूस माहीत होता. आमच्याच गावचा एक मित्र इथल्या हॉटेलच्या किचनमध्ये होता. चर्चच्या गायनमंडळात वर्षानुवर्षं लॅटिन गायलेला. तो घरी आला, कागद डोळ्यांसमोर धरला आणि पहिली ओळ चक्क चालीवर म्हणाला. माझ्या बायकोने सवयीने क्रूसाची खूण केली.

"आता अर्थ सांग," मी म्हणालो.

"अर्थाचं आम्हाला कधी कुणी विचारलं नाही."

तरी शब्दाला शब्द लावत त्याने इच्छापत्र उलगडलं. वाडी आणि विहीर मुलाला, आणि मुलाचं नाव आमच्या आजोबांचं. बायकोने शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. मग त्याने दुसरं पान उचललं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे दफनाचं पान आहे रे. तुझे आजोबा गेले. वय महिने तीन."

ज्यांच्या मांडीवर बसून मी ताडगोळे खाल्ले, ते आजोबा! दोन्ही पानांवर सालं होती, पण रोमन आकड्यांत, आणि आम्हाला ते घड्याळातल्या बारापर्यंतच येत होते. माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "पप्पा, देन टेक्निकली वी डोन्ट एक्झिस्ट."

मला तिचा राग आला, मित्राचा आला, पणजोबांचाही आला. वारस पाळण्यातच गेला म्हटल्यावर वाडी धाकट्या भावाची, म्हणजे काकांच्या वडिलांची. आमचे आजोबा कुठून तरी आणून वाढवलेले, असं म्हणायला काका मोकळे. त्या आठवड्यात आत्याचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी "इन्शाल्ला, होईल" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. सत्तराव्या वर्षी ती जाणार कुठे?

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मिस्सा झाल्यावर मी कागद इथल्या मल्याळी फादरांपुढे ठेवले. पाद्री व्हायला शिकताना सेमिनरीत त्यांना लॅटिन छडी खाऊन शिकावं लागलं होतं. भिंग लावून त्यांनी आधी सालं पाहिली.

"बच्चा पहले मरा है," ते म्हणाले, "विल तो उसके बाद की है, बहुत साल बाद. और सुनो, इसमें लिखा है, मेरा वो बेटा, जो अपने मरे हुए भाई का नाम चला रहा है. आपके यहाँ ऐसा करते हैं क्या?"

करतात. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, तो गेला तर पुढच्याला तेच. माझंही नाव तेच आहे. ते मी दिवसातून दहा वेळा सही करताना लिहितो, आणि नेमकं हेच मला सुचलं नव्हतं. "खलास," म्हणत फादरांनी भाषांतरावर चर्चचा शिक्का मारला.

संध्याकाळी मी आत्याला फोनवर सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तो बाबांचा मोठा भाऊ होय. त्याचा क्रूस आहे की आपल्या सिमेट्रीत. बाबा दर नोव्हेंबरला तिथे मेणबत्ती लावायचे. आम्ही पोरं विचारायचो, बाबा, तुमची जागा आत्तापासून कशाला धरून ठेवलीय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू इन्शाल्ला म्हणत होतास."

गावच्या फादरांनी भाषांतरातली नावं आणि सालं मूळ वहीशी ताडून पाहिली आणि काका कुरकुरत का होईना, गप्प बसले. नोव्हेंबरात मी रजेवर गेलो तेव्हा आत्या मला सिमेट्रीत घेऊन गेली. भिंतीलगत गुडघ्याएवढा दगडी क्रूस होता आणि त्यावर माझं नाव.

"बाबा म्हणायचे, वाडी खरी याची, मी राखण करतोय," आत्या म्हणाली. मग तिने पिशवीतून मेणबत्ती काढून माझ्या हातात दिली. "लाव. माझ्यामागे हे तुझ्याकडेच येणार आहे."