बसून हात पोचेल तेवढी भिंत

मी डेअरीत दूध घालून येत होते. शेजारची मंगल पळत आली आणि म्हणाली, "काकी, घरला चला." काय झालं, ते मी विचारलं नाही. विचारलं की ती सांगेल, याचीच भीती वाटली. दारात थांबून आतला खोकला ऐकू येतो का बघितलं... आला नाही.

माझ्या मालकांनी हयातभर कोल्हापुरात लोकांची घरं रंगवली. ऑइल पेंटच्या वासानं आणि भिंती घासताना उडणाऱ्या धुळीनं छाती गेली. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितलं. तेव्हापासून माझे कान त्यांच्या खोकल्याकडेच असायचे. खोकला आला की मी भ्यायचे, थांबला की जास्त भ्यायचे.

लेक बाळंतपणाला आली. मधल्या खोलीला आमच्या लग्नातला हिरवा ऑइल पेंट होता, काळपट पडलेला. हे म्हणाले, "नातवंडाला असल्या अंधारात ठिवायचं व्हय? अ‍ॅक्रिलिक मारतो. पाण्यातला रंग, वास न्हाय त्याला."

"ऑइल पेंटवर धरतंय का पण ते?"

"घासून मारलं तर धरतंय. तसंच मारलं तर सापाच्या कातीगत निघतंय. जुन्या रंगात विष असतंय, पोरानं खाल्लं म्हंजे?"

घासायचं म्हणजे परत धूळ. "मी घासते," मी म्हणाले.

"तू? तुझी चपाती बघितलीया की मी. चार कोपरं हायती तिला!" हसले आणि हसतानाच त्यांना धाप लागली.

लेकीला दवाखान्यात नेलं, मी तिच्याजवळ राहिले. नातीला घेऊन घरी आलो तर खोली पांढरीशुभ्र, आणि हे भिंतीला टेकून बसलेले. ओठ काळेनिळे. मी रडले, भांडले. "वरडू नगंस, पोरगी उठंल," एवढंच म्हणाले.

नात रांगायला लागली आणि त्या दिवशी, मी डेअरीत गेलेली असताना, हे गेले.

त्यानंतर भिंतीच्या वरच्या भागातला रंग सुटायला लागला. पापुद्रे लोंबू लागले, आतला हिरवा दिसू लागला. नात हाताला लागेल ते तोंडात घालते. मी सारखी जमीन झाडायचे. परवा ती भिंतीला धरून उभी राहिली आणि नखांनी खरडू लागली. मी धावले, तिच्या तोंडात बोट घालून बघितलं... काही नव्हतं. मग तिथं मीच खरडून पाहिलं. रंग निघेना. खाली कुठंच निघेना. उभं राहून घासायचा दम नव्हता, म्हणून बसून हात पोचेल तेवढी भिंत त्यांनी घासली होती. वरती नुसताच रंग मारला होता.

लेक म्हणाली, "आई, सगळीच खरडून घेऊया." मी म्हटलं, "खालची नको."

ती नातीला घेऊन जयसिंगपूरला, सासरी गेली आहे. पुढच्या खेपेला नातीचा हात आणखी वर पोचेल. त्यांच्या पिशवीतला पॉलिश पेपर मी पाण्यात भिजवते, म्हणजे धूळ उडत नाही, आणि त्यांचा हात थांबला तिथून वर घासते. मधेच थांबते, कान देते... आणि परत घासायला लागते.