पिवळ्या कागदाचा धाक

गोंडपिपरीच्या मैदानावर गेल्या वर्षी मुलींच्या फुटबॉल मॅचमध्ये आमच्या फॉरवर्डचा पाय मोडला, तेव्हा रेफरी हात हलवत "चालू द्या, चालू द्या" म्हणत होते. समोरच्या संघातली बचावाची बॅक मागून घसरत आली होती आणि ते सगळ्या मैदानाने पाहिलं होतं. मी शाळेची क्रीडाशिक्षिका. ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण शिट्टी काही वाजली नाही. धानाच्या रोवणीत पोर पायाला प्लास्टर घालून घरी बसली आणि तिच्या वाटणीचं काम तिच्या आईने एकटीने ओढलं.

यंदा तीच आई मला म्हणाली, "मॅडम, ही मॅच मी सोता येऊन पाहतो. पुन्हा कोनी पोरीले तसं पाडलं त खेलनं बंद. मंग मले समजावाले येऊ नका."

मी कोणत्या तोंडाने समजावणार होते?

रेफरी या वेळी नवे होते आणि सुरुवातीलाच माझ्या डोक्यात गेले. आमच्या मुलींनी मोज्यांत शिनगार्ड म्हणून वह्यांचे पुठ्ठे खोचले होते. त्यांनी एकेकीची नडगी बोटाने वाजवून पाहिली आणि सगळे पुठ्ठे बाहेर काढायला लावले. आधीच्या मॅचमधल्या मुलींचे घामेजलेले शिनगार्ड मागून आणावे लागले. कानातले काढा, बांगड्या काढा. लग्नघरातल्या आत्यासारखा त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

मॅच सुरू झाली. गेल्या वर्षीचीच बॅक समोर होती. आमच्या पोरीच्या पहिल्याच धावेत ती मागून घसरत आली आणि शिट्टी झाली, पिवळं कार्ड निघालं. पोर पॅन्ट झटकत उठली. माझ्या शेजारी बसलेल्या आईने विचारलं, "त्या पिवळ्या कागदानं काय होते?" मी म्हटलं, "अजून एक मिळाला की बाहेर." त्यानंतर त्या मुलीने आमच्या पोरीच्या मागून एकदाही पाय घातला नाही. जवळ यायची, थबकायची, समोरून चेंडूवर जायची. मला ते पाहून इतकं बरं वाटलं की रेफरीवरचा राग मी विसरून गेले.

उत्तरार्धात चेंडू हुकला आणि आमची पोर चिडली. त्याच बॅकच्या मागे धावत गेली आणि घसरून तिला आडवं केलं. आमच्या बाजूची सगळी माणसं उठली, "चेंडूच मारला, सर, चेंडूच!" मीही त्यांत होते.

"झूट काऊन बोलता?" आई उभी राहून म्हणाली. "मागून मारलं तिनं. माह्या पोरीलेबी दाखवा तो कागद."

रेफरींचा हात खिशाकडे गेलाच होता. त्या फ्री किकवर गोल झाला आणि आम्ही हरलो.

मॅच संपल्यावर आईने पोरीची नडगी वरपासून खालपर्यंत चाचपली. मग पलीकडे जाऊन त्या दुसऱ्या मुलीचीही चाचपली. ती मुलगी लाजून हसत होती.

परत येऊन मला म्हणाली, "खेलू द्या तिले." मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात तिने विचारलं, "पुढच्या मॅचलेबी हेच सर राहीन ना?"

पुढच्या मॅचला रेफरी कोण आहे ते विचारायला मी आयोजकांच्या टेबलाकडे निघाले.