गुडघ्यावरची सम

बबीन्याच्या छावणीत तोफा सुटल्या की आमच्या झाशीच्या घरात आधी फडताळातल्या कपबशा किणकिणत, मग खिडकीची तावदानं थरथरत, आणि प्रत्यक्ष आवाज कानाशी येई तो सर्वांच्या शेवटी, उशीर झाल्यानं ओशाळलेल्या पाहुण्यासारखा. भाद्रपदातली दुपार असे. पावसानं धुतलेली आणि उन्हानं नुकतीच वाळत घातलेली. ओल्या मातीचा, उमलत्या गवताचा आणि शेजारणीनं उन्हात ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीचा वास एकमेकांत मिसळून अंगणभर रेंगाळत असे. त्या किणकिणाटाला मी "किती सुरेल!" म्हणत असे. ऐन विशीत होते मी, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीविषयी मला काहीतरी सुंदर बोलता येत असे. त्या तोफा माझ्या संसारातून काय उचलून नेत होत्या, ते मात्र दिसत नव्हतं.

परवा माझ्या नातीनं शाळेच्या पुस्तकातून डोकं वर काढलं. तिला मराठी कळतं सगळं, पण जिभेवर यायला लाजतं. "आजी, ये सम क्या होता है? और ये अवकाश?" संगीत आणि चित्रकला समजून घ्यायला लागणाऱ्या प्राथमिक शब्दांचा धडा होता, सूर, लय, ताल, रेषा, छटा, पोत, प्रत्येकापुढे एकेका ओळीचा अर्थ. मी चष्मा लावून वाचले. अर्थ अगदी बरोबर होते, काडीची चूक नव्हती. आणि मला हसू आवरेना. असेच बिनचूक अर्थ पदराला बांधून एक बाई या गावात केवढ्या तोऱ्यात मिरवत होती, ते आठवलं.

ती बाई म्हणजे मीच, साताऱ्याची. इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा बऱ्यापैकी पास झालेली, आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला चित्रकार समजणारी. सुरईचं चित्र काढलं की लोकांना ती बदकासारखी दिसे. पण त्या बदकाच्या 'रेषेतील प्रवाह' आणि 'भोवतीचा अवकाश' यांवर ती घटकाभर बोलू शके. आमचे हे मिरजेचे, तंबोरे जुळवण्याचे आवाज ऐकत वाढलेले. फौजेत सुभेदार, बबीन्याच्या माळावर नव्या पोरांना तोफ डागायला शिकवायचे. कानात कापूस घालायला सांगितलं की म्हणायचे, "कापूस समईला लागतो, सुभेदाराला नाही."

लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही दागिन्यांऐवजी शब्दांची देवघेव केली. संध्याकाळी रेडिओपुढे बसवून हे मला मींड म्हणजे काय ते हवेत बोट फिरवून दाखवायचे; एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट न सोडणं. सम म्हणजे काय, विचारलं तर म्हणाले, "घरून निघून घरीच परत येणं, फक्त येताना थोडं शहाणं होऊन यायचं." मी मान डोलावली. मला ना घर ऐकू आलं, ना वाट. पण व्याख्या पाठ झाली. मग मी ह्यांना ओरछ्याला नेऊन महालाच्या भिंतींवरची चित्रं दाखवली. फिकट झालेल्या हिरव्यातून डोकावणारा गेरू, आकृतींच्या मधोमध मुद्दाम राखलेली मोकळी जागा, यांवर माझं प्रवचन झालं. हे खूप वेळ त्या मोकळ्या जागेकडेच बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "इथं तबलजी हात उचलतो बघ." मला वाटलं, ह्यांना चित्रातलं काही कळत नाही.

ह्यांचं ऐकू येणं एकदम गेलं नाही. दिवाळीनंतर गारवा जसा कोणाला न सांगता शिरतो, तसं ते वरच्या सुरांकडून खाली खाली विझत आलं. प्रथम हे गवयांवर चिडू लागले. हल्लीचे गायक तार सप्तकात कुजबुजतात म्हणे. मग तंबोऱ्याची जवारी, तारेची ती बारीक झणझण, गेली. मग रेडिओ इतका चढला की वरच्या मजल्यावरचे गुप्ताजी जिन्यात उभे राहून ओरडले, "भैया, हम भी सुन रहे हैं!" डॉक्टरांनी सांगितलं, आतली नसच मेली आहे, इलाज नाही. घरी परतताना हे एवढंच म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. बहिऱ्यासमोर गवई गात नाही. त्याच्या शेजारच्याकडे बघून गातो."

इथल्या गणेशोत्सवात बाहेरच्या गवयाचं एक तरी गाणं होई, आणि पहिल्या रांगेतली मधली जागा ह्यांची ठरलेली असे. जुनी झाशीकर मराठी मंडळी तशी कडक; सहज कुणाला मान देणारी नव्हेत. पण मंडळाचे कारभारी भाऊकाका हात धरून ह्यांना तिथे बसवत आणि गवयाला सांगत, "हे आमच्या मंडळाचे कान." ह्यांच्या फौजेतल्या बिल्ल्यांपेक्षा त्या जागेची ऐट मोठी होती. ती जाऊ नये म्हणून त्या वर्षी आम्ही एक बेत केला. गवयाचा चेहरा आणि हात पाहून पुष्कळ समजेल, फक्त सम, जिथं दाद द्यायची ती, तेवढी चुकायला नको. तर मी शेजारी बसायचं आणि समेवर पदराआडून ह्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायचं. बायका पलीकडच्या बाजूला बसत. म्हणून ह्यांच्या पाठीत उसण भरली आहे, आधार लागतो, अशी थाप मी मारली. भाऊकाकांच्या आईनं मोठ्यानं सांगितलं, "उसण कसली! सुभेदारीणबाईंना नवरा सोडवत नाही." सगळ्या बायका हसल्या. मी लाजले, आणि आपली थाप पचली म्हणून फुशारले.

त्या वर्षी गायला आलेल्या बुवांना ग्वाल्हेरची गाडी गाठायची होती, म्हणून गाणं तिसऱ्या प्रहरी होतं. तिरपं ऊन कनातीच्या फटीतून येऊन तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मधासारखं साचलेलं. दूर्वा, कापूर, केवडा यांच्या वासात सतरंजीचा कुबट वास. बुवांनी मुलतानी राग सुरू केला, अतिविलंबित. इतका विलंबित, की एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत माझ्या मनात रात्रीच्या स्वयंपाकाचा विचार होऊन जाई. रेडिओवरच्या दोन-चार समा मी पाठ करून ठेवल्या होत्या. त्यांचा इथं काही उपयोग नव्हता. तेव्हा कान सोडून मी डोळ्यांवर भिस्त ठेवली. चित्रकार ना मी! तबलजीचा चेहरा न्याहाळू लागले. आणि त्यानं भुवया उंचावल्या, प्रसन्न हसून मान खाली आणली. मी बोट टेकवलं.

"वा! क्या बात है!" बहिऱ्या माणसाला स्वतःच्या आवाजाचं माप राहत नाही. ह्यांची दाद मंडपभर घुमली. आणि बुवा तर समेपासून कोसभर दूर, निषादावर जीव मुठीत धरून उभे होते. त्यांचा सूर फुटला. तबलजी हसला होता तो कडेनं चहाचा पेला दाखवणाऱ्या कुणाला तरी! मागे पोरी फिसकन हसल्या. भाऊकाका वाकून ह्यांच्या कानाशी म्हणाले, "सुभेदारसाहेब, तबियत ठीक आहे ना?" हे समोर बघून मंद हसत राहिले. काहीच ऐकू आलं नव्हतं. भाऊकाकांनी पुन्हा विचारलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. बुवांनाही कळलं असावं. त्यांनी सूर पुन्हा उचलला, सावकाश वळणं घेत खाली आले, आणि या वेळी त्यांचा उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर गेला, मग ह्यांच्याच दिशेनं उघड्या पंज्यानं जमिनीवर आला. ती सम होती. आंधळ्यालाही दिसली असती. माझं बोट गुडघ्यावर अधांतरी राहिलं, ह्यांनी मान खाली घातली, आणि दाद कुणीच दिली नाही.

परतताना हे टांगा नको म्हणाले. सूर्य किल्ल्यामागे उतरला होता, चुलींचा धूर रस्त्यावर आडवा पसरला होता. त्यांना माझे ओठ दिसावेत म्हणून मी त्यांच्यापुढे, त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालू लागले. लग्नातली पैठणी नेसलेली बाई भर रस्त्यात मागे मागे चालत मुलतानी समजावते आहे! "भाभीजी, पीछे भैंस!" कुणीतरी ओरडलं. मी म्हशीला वळसा घातला आणि चालू ठेवलं: आलापात मींड फार सुंदर होती, लयीवर पकड होती, कोमल गांधार...

"ते शब्द मीच दिलेत तुला," हे म्हणाले. "ते परत नको. तू काय ऐकलंस?"

शब्द कितीतरी होते. ऐकलेलं मात्र काहीच नव्हतं. मी तर साऱ्या मैफलीभर भुवया बघत बसले होते. म्हणून मग दिसलं ते सांगू लागले: भोपळ्यावरचं ऊन, बुवांच्या गळ्याची तटतटलेली शीर, खाली येणारा पंजा. हे ओठांकडे बघत मान हलवत होते. समजलं की समजूत घातली, कोण जाणे.

वळणावर ते गुणगुणू लागले. मुलतानीच असणार. इतकी वर्षं ज्यांच्या सुराला बोट लावायला जागा नव्हती, ते आपल्याच आतल्या कुठल्यातरी गाण्याच्या मागे चालले होते आणि ओठांबाहेर येणारा सूर खाली, आणखी खाली घसरत होता. मी थबकले. कुणी बोट फिरवून दाखवलं नव्हतं, कुणी अर्थ सांगितला नव्हता; आणि तरी तो सूर कुठे असायला हवा होता, ते मला आयुष्यात पहिल्यांदाच लख्ख ऐकू आलं. धुरात, म्हशींच्या गळ्यातल्या घंटांमध्ये, ती नेमकी रिकामी जागा.

ह्यांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी मानेनंच सांगितलं, काही नाही, गा.