देवडीतली सहल

पंचायत समितीच्या सभापतीची निवड जवळ आली की आमच्याकडे सदस्यांना सहलीला नेतात. कुणी फुटू नये म्हणून. हे मी इतके दिवस पेपरात वाचत होते. यंदा मी स्वतःच निवडून आले, आणि केसांतला गुलाल अजून धुतला नव्हता तोच भाऊंचा फोन आला.

"ताई, चार कपडे भरा. तुळजापूरला दर्शनाला जाऊ सगळे."

भाऊ आमच्या गेवराई तालुक्यातले पुढारी. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. वहिनी पण निवडून आल्या होत्या आणि सभापती त्यांनाच करायचं होतं. आमच्या मालकांचं खताचं दुकान, राजकारणाशी त्यांचा संबंध नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "जाऊन ये. न्हाई म्हणून कसं चालंल?"

गाडीत माझ्या शेजारी आक्का बसल्या. गंगेकाठच्या गावच्या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आक्कांच्या मालकांनी गावातल्या बायामाणसांना घेऊन वाळूच्या गाड्या अडवल्या होत्या, आणि त्याच जोरावर आक्का अपक्ष निवडून आल्या. नदीतला उपसा बंद करू, असा शब्द देऊन भाऊंनी त्यांना आपल्याकडे ओढलं होतं. साठीकडे झुकलेल्या, मोठं कुंकू लावणाऱ्या, रस्ताभर सुनेच्या बाळाचं कौतुक सांगत होत्या.

तुळजापूरला दर्शन झालं. मंदिराबाहेर भाऊंनी एकेकाच्या तळहातावर देवीचं कुंकू ठेवलं आणि म्हणाले, "म्हणा, वहिनीलाच मत देईन." सगळ्यांनी म्हटलं. मला वाटलं, आता परत फिरणार. गाड्या भलत्याच दिशेने निघाल्या. राज्याची हद्दही मागे पडली. ड्रायव्हरला विचारलं तर त्याने आरशातून नुसतं बघितलं.

दिवस मावळता मावळता हैदराबादेत पोचलो. माझ्या आजेसासऱ्यांच्या तोंडी हैदराबाद म्हणजे राजधानी. निजामाच्या काळात ते तिथे कोर्टाच्या कामाला जात. म्हणून मला आत कुठेतरी हरखल्यासारखंही झालं. गाड्या एका उंच कमानीतून आत शिरल्या. कुण्या नवाबाची जुनी हवेली, तिकडे तिला देवडी म्हणतात. आता तिचं हॉटेल झालेलं. खोल्या मोजक्याच. मधल्या चौकात कारंजं, पांढरे खांब, संगमरवरी फरशी इतकी गार की चपलेतून जाणवावी. आम्हाला गुलाबाचं सरबत दिलं. आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक दिसेना. भाऊंनी सगळ्या खोल्या घेतल्या होत्या.

सरबत पिऊन होईस्तोवर भाऊंचा पुतण्या कापडी पिशवी घेऊन फिरला. "फोन द्या ताई, चार्जिंगला लावतो."

"माझं चार्जिंग हाय की," मी म्हणाले.

"असू द्या," तो हसून म्हणाला, आणि पिशवी तशीच धरून उभा राहिला. मी फोन टाकला.

मला आणि आक्कांना एक खोली दिली. शिसवी पलंग, त्याला मच्छरदाणीसाठी चार खांब, न्हाणीत पितळी टब, भिंतीवर शेरवानीतल्या माणसांचे फोटो. मी असली खोली जन्मात बघितली नव्हती. गादीवर बसले तर खोल आत गेले. आक्का मात्र खिडकीशी उभ्या होत्या. खाली कमानीत भाऊंची माणसं खुर्च्या टाकून बसलेली. "हे कशापायी बसलेत गं?" आक्कांनी विचारलं. मी म्हणाले, "आपल्याला राखायला." म्हणताना गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी घरी बोलायचं काढलं. वहिनी लगेच म्हणाल्या, "बोलू की आक्का, आधी जेवून घ्या." जेवण झाल्यावर म्हणाल्या, "जरा पडा, मग बोलू." चहाच्या वेळी म्हणाल्या, "भाऊ बाहेर गेलेत, पिशवी त्यांच्यापाशी." आवाज कुठेच चढला नाही. उलट आक्कांच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. चारमिनारला बांगड्या घ्यायला जाऊ म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, "बांगडीवाल्यालाच हितं बोलवते." आणि खरंच बोलवला. चौकात बसून आम्ही बायकांनी लाखेच्या बांगड्या भरल्या. आक्कांनी हात पुढे केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकात नाश्त्याला बसलो. भाऊंच्या टेबलावर एक नवा माणूस होता. पांढरे कपडे, पांढरे बूट, बोटांत अंगठ्या. त्याला बघून आक्कांच्या हातातला चमचा बशीवर आपटला. गंगेतल्या वाळूचा ठेका त्याचा. गाड्या अडवल्या तेव्हा हाच माणसं घेऊन त्यांच्या अंगणात आला होता.

तो उठून आमच्याकडे आला. दोन्ही हात जोडले.

"नमस्कार आक्का. घरची काळजी करू नका. मी कालच जाऊन आलो. तुमच्या सूनबाईंनी चहा पाजला. नातू लई गोड हाय. माझ्या मांडीवर खेळला."

 भाऊ लांबूनच म्हणाले, "बघा आक्का, आपलीच माणसं हायत सगळी." वहिनी आक्कांच्या बशीत आणखी एक इडली वाढत होत्या.

खोलीत आल्यावर आक्का पलंगाचा खांब धरून उभ्या राहिल्या. "माझ्या घरात बसून आला गं तो. लेकराला मांडीवर घेतलं त्यानं." मी पाणी दिलं, पण त्यांनी पेला तसाच बाजूला ठेवला. मग मी वेणीला आरसा मागायचं निमित्त करून खाली गेले. स्वागताच्या टेबलाशी एक बुरख्यातली बाई कामाला होती. माझं हिंदी मोडकं, पण तिची बोली आमच्याकडच्या मुसलमान बायकांसारखीच. मी म्हटलं, "आपा, घर को एक फोन करना है." तिने कमानीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "पीछे कपड्यों के कमरे में आजाव. मेरे फोन से कर लेव."

मी आक्कांना मागच्या जिन्याने खाली आणलं. चादरींच्या थप्प्यांमध्ये उभं राहून त्यांनी मालकांना फोन लावला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"आवं, कसं हाय?"

"बरं हाय." मग आवाज खाली आला. "पाव्हणे बसलेत वट्यावर."

"कोण पाव्हणे?"

"परवापासनं हायत. जेवतेत, हितंच झोपतेत. तू... तू सांगतील तसं कर. इकडली चिंता करू नको." पलीकडे कुणीतरी हसलं, आणि फोन बंद झाला.

आक्कांनी फोन त्या बाईच्या हातात दिला.  तिने त्यांचा पदर सरळ केला.

मतदानाच्या दिवशी गाड्या थेट पंचायत समितीच्या दाराशी लागल्या. हात वर करून मत द्यायचं असतं. निवड घेणाऱ्या अधिकाऱ्याने वहिनींचं नाव पुकारलं. मी हात वर केला. आक्कांनीही केला. त्यांचा हात कोपरातून वाकलेला होता. वहिनी सभापती झाल्या, बाहेर फटाके लागले. त्याच आठवड्यात वाळू उपसायला नदीत पोकलेन उतरलं. आमच्या दुकानापुढून वाळूचे हायवा ट्रक दिवसाढवळ्या जायला लागले. मालक शटर अर्धं ओढून बसत.

मला वाटलं, आक्का आता घराबाहेर पडणार नाहीत. पण पहिल्याच मासिक सभेला त्या आल्या. पाणीपुरवठ्याचा विषय चालला होता. त्या उठल्या.

"गावची हीर आटली. नदी खांदून नेली तुमच्या माणसांनी. हे लिहून घ्या."

 वहिनी गोड हसून म्हणाल्या, "आक्का, बसा. तब्येत बरी न्हाई तुमची."

"बसत न्हाई. आदी लिहून घ्या." लिहून घेणारा कारकून, शिपाई, सगळे वहिनींकडे बघत राहिले. तेव्हा मीही उठून उभी राहिले. म्हणाले, "माझं पण नाव घाला त्यात." 

सभा सुटल्यावर आक्का भाड्याच्या जीपमध्ये बसल्या. समोर एक पांढरी गाडी चालू होऊन उभी होती. मी मालकांना फोन केला, "आक्कांना सोडून येते," आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसले.  मालक म्हणाले, "फोन चालू ठेव."

हायवेभर ती गाडी मागे होती. आम्ही हळू झालो की तीही हळू. गावाच्या फाट्याला वळलो, तीही वळली. आक्कांच्या दारात आम्ही उतरलो तेव्हा ती मारुतीच्या पारापाशी थांबली. काचा काळ्या. कुणी उतरलं नाही. आक्कांच्या सुनेने बाळाला उचलून आत नेलं आणि दार लावलं. आम्ही चहा घेतला. नंतर बघितलं तर गाडी गेलेली होती.

आता दर सभेला आक्कांना आणायला-सोडायला आमच्यातली एक जण जाते. एक सदस्या आमच्या बाजूला आली, मग आणखी एक. आटलेल्या विहिरीचं अजून कुणी लिहून घेतलेलं नाही. पांढरी गाडी कधी दिसते, कधी नाही. नाही दिसली की आम्ही जास्त मागे वळून बघतो.