लोकांचं सोपं करणारा

माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघणारा माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका आमच्या निमोण्याच्या थोरल्या मावशीच्या पोटी. मी त्याला दादा म्हणते. पाहुणा दारात आला की आपण 'या, बसा' म्हणतो. दादा तो पाहुणा कसा बसतो ते बघायचा. उठताना कुणी 'आई गं' म्हटलं, की ह्याच्या खिशातून शिंप्याची टेप बाहेर आलीच म्हणून समजा. त्याच्या थोरल्या भावासाठी आम्ही वरवंडला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मंडळी शिक्षण-बिक्षण विचारू लागली आणि दादा जागेवर नाही. बघतो तर स्वारी मुलीच्या आजीच्या खाटेखाली आडवी! "आजी, खाट चार बोटं वर घेऊ का? उठाय-बसाय बरं पडंल." मुलीच्या वडलांनी हळूच दादाच्या वडलांना, म्हणजे आमच्या काकांना, विचारलं, "पाव्हणं, ह्ये तुमचं धाकटं सुतारकी करतंय का?" लग्न जमलं. पण मांडवात त्या आजीनं नवरदेवाला सोडून आधी 'खाटवाला कुठाय' म्हणून चौकशी केली.

स्वतःच्या आजीला एसटीत चढता येईना, तेव्हा त्यानं फळकुटांची एक बुटकी पायरी करून तिला दोरी बांधली. आजीनं चढायचं, आणि मग विहिरीतून बादली ओढावी तशी पायरी वर ओढून घ्यायची. एका कंडक्टरनं सामान म्हणून त्या पायरीचं तिकीट मागितलं. आजी म्हणाली, "मास्तर, ही माझ्या पायातली हाय. चपलंचं तिकीट फाडता का तुम्ही?" सगळी गाडी हसली आणि कंडक्टर पुढं सरकला. अशा त्याच्या करामती गावभर होत्या. कुणाच्या न्हाणीत धरायला दांडी, कुणाच्या अर्धांग झालेल्या नवऱ्याला एका हातानं जेवता यावं म्हणून उंच काठाचं ताट. पैसे विचारले की हा पळून जायचा.

घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच. त्यामुळे तो कोण होणार, हा प्रश्न त्याचा एकट्याचा राहिला नाही, भावकीचा झाला. आमच्याकडे शिकलेल्या पोरानं होण्यासारख्या गोष्टी तीनच: मास्तर, पोलीस, नाहीतर कंपनीत. त्याच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, सगळ्यांसमोर विचारलं, "तुला हुयाचंय तरी काय?"

"लोकांचं आवघड आसंल त्ये सोपं करायचंय."

"मंग वकील हो की!"

ह्या कामाला जगात काही नाव असतं हे दादालाही ठाऊक नव्हतं, आम्हाला कुठून असणार? ते नाव सांगितलं कॉलेजच्या शिबिराला पुण्याहून आलेल्या एका बाईंनी. त्यांनी आजीची पायरी पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, याला डिझाइन म्हणतात. याचं रीतसर शिक्षण असतं." आठवडाभर दादाचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यानं त्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी चित्रांची परीक्षा दिली, पास झाला आणि पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. येताना आपलं काम घेऊन या, असं त्यात म्हटलं होतं.

आता एक कागद कमी पडला की माणसाला खिडकीवरून परत पाठवतात, हे आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं ज्ञान. आबांनी सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून आणली. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, चौथीतल्या वृक्षारोपणाचं प्रशस्तिपत्रकसुद्धा. वर प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. मी फोनवर म्हटलं, "दादा, ती पायरी तरी ने."

"आगं, उद्या आजीला शिरूरला डोळं दावाय जायचंय. चढंल कशी?"

मुलाखत झाल्यावर तो घरी गेलाच नाही. यवतला आमच्याकडे उतरला आणि प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसला. "मॅडम म्हनल्या, काम दाखवा. म्हनलं, काम लोकांच्या घरी हाय. म्हनल्या, मोबाइलमधी फोटो आसतील की. म्हनलं, एखाद्या म्हातारीच्या संडासाच्या खुर्चीचा फोटू काढून चारचौघात दावायचा? तिला लाज न्हाई का?" मुलाखत घेणाऱ्या त्या मॅडम वाईट नव्हत्या म्हणे. बराच वेळ त्यांनी फाइल चाळली, त्यात काही सापडतंय का ते पाहिलं. पण प्रमाणपत्रांत दादा कुठंच नव्हता. निवडीच्या यादीत नाव आलं नाही. पुढच्या वर्षी परत परीक्षेला बस, असं मी म्हणत राहिले. पण तोवर भावकीनं त्याला रांजणगावला कंपनीत चिकटवलं होतं.

मला त्या मॅडमचा राग येत नाही आणि आबांचाही येत नाही. आबांनी बिचाऱ्यांनी स्वतःजवळ होतं नव्हतं ते सगळं शहाणपण त्या फाइलीत भरलं होतं. वाईट एवढंच वाटतं, की एखादा माणूस ज्या कामासाठी जन्माला येतो ते काम त्याच्या दारापर्यंत येतं, आणि ते आत कसं घ्यायचं हे घरात कुणालाच माहीत नसतं.

गेल्या दिवाळीला दादा आला होता. तब्येत भरलीय, पगार चांगला आहे, शिफ्टमुळं डोळे तेवढे लाल असतात. सोफ्यावर बसून मोबाइल बघत होता. आई फराळाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंच उंबऱ्यावरून येताना अडखळली. दादानं मान वर केली.

"मावशी, जपून," म्हणाला, आणि परत मोबाइल बघू लागला.

जपून म्हणणारे आम्ही घरात चौघं होतोच.