आडव्या बाटलीच्या मतदानाला

वाशिमच्या स्टँडवर आसेगावची एसटी लागली आणि मी धक्काबुक्की करून खिडकी पकडली. आसेगावच्या पुढे माझ्या मावसबहिणीचं, शोभाचं गाव. तिथे दुसऱ्या दिवशी बाटलीचं मतदान होतं. देशी दारूचं दुकान बंद हवं असेल तर बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, चालू हवं असेल तर उभ्या. भाऊजी नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. आता घेतली तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं तसा पलीकडचा म्हातारा हसला. "आमी पितो म्हनून तुमचं अर्धं तिकीट हाय, बाई. दारूवरचा टॅक्स कोन भरते?"

"उपकार झाले!" मी फणकारले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाहेर तूर शेंगांनी वाकली होती. शोभाने गेल्या गेल्या सोल्यांची आमटी (ओल्या तुरीच्या दाण्यांची) आणि भाकरी वाढली. भाऊजी दोन घास खाऊन थांबले.

"ताई, दुकान बंद झालं तं मी जगतो," ते म्हणाले. "उघडं दिसलं का माहे पाय आयकत नाहीत."

मतदानाला बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. संध्याकाळी शाळेत मोजणी झाली. आडवीच्या चिठ्ठ्यांचा ढीग केवढा तरी मोठा! शोभाने मला मिठीच मारली. मग मोजणीचे सरकारी साहेब उठले. आलेल्यांच्या नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. तेवढी भरली नाहीत.

"अर्ध्या बाया तं ऊस तोडाले गेल्या!" शोभा ओरडली. "त्या काय दारू मांगून राह्यल्या का?"

"नियम आहे, ताई."

डोंबल्याचा नियम! न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात गेली होती. घरी येताना शोभा एवढंच म्हणाली, "सरकारले माह्या नवऱ्याची माह्याहून जास्त गरज हाय."

सकाळच्या एसटीने परत निघाले. सरकारला महसूल लागतो, रस्ते आणि शाळा त्यातूनच होतात, एवढं मलाही कळतं. मी काही दूधखुळी नाही. पण तो वसूल करायला हेच घर सापडावं? जीव नुसता जळत होता.

गाडी वळली. दुकानाचं शटर वर गेलं होतं आणि रांगेत भाऊजी उभे होते. त्यांनी मला पाहिलं. पाहुणीला निरोप द्यावा तसा हात केला.

मीही हात केला.